खाजणातली देवी आणि माझी पाऊणकी

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर इतिहास आहे, आणि आमच्या घरातल्या एकाही माणसाने तो पाहिलेला नाही.

यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं. रत्नागिरीच्या माणसाला किल्ल्यावर जायला पाहुणा लागतो. पाहुणा आला की आम्ही त्याला रिक्षात घालतो, किल्ल्याच्या पायथ्याशी उतरवतो आणि 'तुम्ही बघून या, आमचं काय, नेहमीचंच आहे' असं म्हणून खाली शहाळं पीत बसतो. (नेहमीचंच! मी शेवटची वर गेले तेव्हा निखिल पोटात होता. आज त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं.) ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं, तो राजवाडा तर आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे दिसतो. तो राजा बिचारा तिथून दुर्बिणीने समुद्राकडे बघत बसायचा म्हणतात. आम्ही राजवाड्याकडे बघतो ते कावळ्याने आमचा पापड उचलून कुठल्या दिशेला नेला एवढं कळण्यापुरतं.

तर अशा या घरी गेल्या जानेवारीत आमच्या विहीणबाई आल्या. शैलजाताई. आमच्या ऋजुताची आई. मुक्काम पोस्ट वाई. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मीही शाळेतलीच, पण गणिताची. इतिहासाच्या बाई आणि गणिताच्या बाई स्टाफरूममध्येसुद्धा लांबलांबच्या खुर्च्यांवर बसतात. इथे आम्ही एकाच स्वयंपाकघरात आठ दिवस राहणार होतो!

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी सोलकढीचा घोट घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का सुनंदाताई, निसर्ग छान आहे हो तुमच्याकडे. पण इतिहास नाही."

"म्हणजे?"

"आता आमच्या वाईला बघा. कृष्णेवर सात घाट. एकेका पायरीला कहाणी आहे. तुमच्याकडे एवढी नदी येऊन समुद्राला मिळते, आणि काठाला काय? नुसता चिखल."

चिखल! मी हातातला घास ताटात ठेवला. आमचे हे मात्र बांगड्याचा काटा काढण्यात गर्क होते. (काटा निघेपर्यंत यांना जगबुडी झालेली कळत नाही.)

"म्हणून म्हणते," शैलजाताई पुढे म्हणाल्या, "निखिलरावांना पुण्याची नोकरी आलीय ना, ती घ्यावी त्यांनी. इथे ठेवलंय काय? आणि पुणं म्हटलं की ऋजुता माझ्यापासून दोन तासांवर."

आता साफच सांगते. मला निखिल आणि ऋजुता जायला नको होते. ऋजुता घरात आल्यापासून आमच्या संध्याकाळी बदलल्या होत्या. ती कामावरून यायची, पायरीवर बसून माझ्याशी तासभर वाट्टेल ते बोलायची, आणि मी भाजी निवडता निवडता चांगली पानंच टाकून द्यायचे, इतकी रंगून जायचे. निखिलचं अजून ठरत नव्हतं. ऋजुता म्हणे, "आई वाईला एकटी आहे, तिला काय वाटतं ते बघू." म्हणजे माझ्या संध्याकाळी या बाईंच्या हातात होत्या, आणि या बाईंना आमच्याकडे चिखल दिसत होता!

"कोण म्हणतं इतिहास नाही?" मी म्हणाले. "इतका आहे की दाखवायला वेळ पुरायचा नाही."

यांच्या हातातला काटा खाली पडला. "कुठला गं?"

"आपला!" मी म्हणाले.

पहिला प्रयत्न त्याच संध्याकाळी. रिक्षा केली, पूल ओलांडून राजवाड्याच्या फाटकाशी गेलो. फाटक बंद. राखणदार म्हणाला, "सोमवारी बंद असतो, मावशी. लांबून आलात काय?"

शैलजाताईंनी माझ्याकडे नुसता हात केला. "या अठरा वर्षं समोर राहतात."

परतीच्या रिक्षात त्या फक्त एकदा "आमच्या घाटाला फाटक नाही" एवढं म्हणाल्या.

रात्री मला झोप कसली लागते! पहाटे डोळ्यांसमोर आलं ते बेट. आमच्या मागच्या गच्चीतून खाडीच्या आतल्या अंगाला खाजण दिसतं, म्हणजे खारफुटीचं रान. त्याच्या मधोमध एक एवढंसं बेट आहे, आणि बेटावर काळ्याकुट्ट चिऱ्यांच्या भिंती. छप्पर नाही, एक कमान शाबूत, पाण्यात उतरणाऱ्या पाच-सहा पायऱ्या. आम्ही इथे घर बांधलं तेव्हापासून मी ते बघत आलेय, आणि 'काहीतरी जुनं असेल' याच्या पलीकडे माझा विचार गेलेला नाही. आता विचार धावत सुटला. खाडीच्या तोंडाशी चौकी. गलबतांवरची जकात. आरमार! चहा उकळेपर्यंत माझ्या डोक्यात तिथे तोफासुद्धा बसल्या होत्या.

बेटावर जायचं तर भरती हवी. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. मी वर्गात पाऊणकी शिकवताना हेच उदाहरण द्यायचे. स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर पाहिलं. तारीख शोधली. चतुर्दशी! चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे साडेदहाला उधाणाची भरती, नऊला निघायचं, बारापर्यंत आरामात परत. यांना विचारलं असतं तर यांनी बोटं न मोजता वेळ सांगितली असती. पण यांना विचारायचं म्हणजे आदल्या दिवसाचं 'कुठला गं?' पुन्हा ऐकायचं, म्हणून नाही विचारलं. निखिल-ऋजुता कामावर गेले, हे बाजारात गेले, आणि मी याकूबला फोन केला.

याकूब म्हणजे खाडीत होडी मारणारा, चाळिशी उलटलेला, दोन मुलींचा बाप, माणूस म्हणून सोनं. आणि माझा विद्यार्थी. दहावीला गणितात नापास झालेला. होडीपाशी आम्ही पोचलो तेव्हा तो पाण्याकडे बघून डोकं खाजवत होता.

"बाई, आज नको जाऊया. पाणी सुकतीला लागलाय."

"सुकती? अरे, भरती येतेय. साडेदहाला पूर्ण."

"तसा दिसत नाय, बाई. आणि त्या बेटावर कशाला जायचा? तिथं बघण्यासारखा काय पण नाय." हे तो इतक्या घाईने बोलला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"याकूब, चौदा पाऊण किती?"

हा बेचाळीस वर्षांचा बाप्या वल्हं बाजूला ठेवून, हात मागे बांधून, सरळ उभा राहिला. ओठ हलले. मग म्हणाला, "साडेदहा, बाई."

"मग?"

"मग तुमी सांगता म्हणजे बरोबरच असणार, बाई."

शैलजाताईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं. (हाच तो क्षण. माणसाचं वाटोळं नेहमी आदराच्या क्षणी सुरू होतं.)

होडी निघाली. सकाळ सुरेख होती. बगळे उभे होते, ऊन अजून कोवळं होतं, आणि मला कंठ फुटला होता. "हा जो धक्का दिसतोय ना, इथे अरबस्तानातून घोडे उतरत."

"पुरावा?" शैलजाताईंनी वही काढली होती!

"परंपरेने सांगतात."

"कोण सांगतं?"

"इथले जुने लोक." (जुने लोक म्हणजे मी. आणि परंपरा पहाटेपासूनची.)

"आणि ते समोरचं?"

"ती जकातीची चौकी. शिवकालीन. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथे थांबवायचे."

याकूबला खोकल्याची मोठी उबळ आली. खारं वारं, म्हटलं, बाधलं असेल.

बेटाच्या पायऱ्यांशी पोचलो आणि खालून 'खस्स' असा आवाज आला. होडी थांबली. याकूबने वल्हं मारलं, होडी हलली नाही. दुसऱ्या बाजूने मारलं, होडीच्या आजूबाजूला फक्त चहासारखं पाणी हललं.

"टेकली, बाई."

"टेकू दे. अजून पाणी चढायचंय."

आम्ही पायरीवर उतरलो. दहा मिनिटांनी मी मागे वळून पाहिलं तर होडीखाली पाणीच नव्हतं. चिखल होता. काळा, चकचकीत, लांबवर पसरलेला, आणि त्यात लाल खेकडे आम्हाला बघायला बाहेर आलेले. याकूबने चिखलात वल्हं रोवून दाखवलं. दोन तृतीयांश आत गेलं. (गणिताच्या बाईला अशा वेळीसुद्धा अपूर्णांकच दिसतात.) चालत जायचा प्रश्नच मिटला.

"तुमच्याकडे भरती अशी असते?" शैलजाताईंनी विचारलं. खोचून नाही हो, अगदी जिज्ञासेने!

तेवढ्यात फोन वाजला. हे.

"कुठे आहात?"

"वारसा बघतोय."

"ते दिसतंय. मी गच्चीतच आहे. निखिलची पक्षी बघायची दुर्बीण घेतलीय. फार स्वच्छ दिसताय दोघी."

मी वर पाहिलं. चिखलाच्या पलीकडे, माडांच्या वर, आमची गच्ची. तिथून हात हलत होता. घर दिसत होतं, दोरीवरच्या चादरी दिसत होत्या, गेल्या आठवड्यापासून मिळत नव्हता तो माझा गुलाबी नॅपकिनसुद्धा पत्र्यावर पडलेला दिसत होता, आणि जाता येत नव्हतं!

"अगं, पण आज दशमीला नऊ वाजता होडी काढायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"दशमी नाही, चतुर्दशी. कॅलेंडर बघा."

पावलांचा आवाज. मग कॅलेंडरची पानं फडफडल्याचा आवाज. मग यांचा तो आवाज, जो हे फक्त मी चुकले की काढतात. "तू दारामागचं पाहिलंस. ते गेल्या वर्षीचं आहे. जानेवारीच्या पानामागे सांदणांची कृती आहे म्हणून तूच टाकू दिलं नव्हतंस."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"दहा पाऊण किती?" यांनी विचारलं.

"साडेसात," मी पुटपुटले.

"साडेसातला भरती होऊन गेली. आता पावणेदोनपर्यंत पाणी उतरेल, मग चढेल. पाच-सव्वापाचला सुटाल. डब्यात काय आहे?"

डबा नव्हताच. बारापर्यंत परत यायचं होतं ना! शैलजाताईंच्या पर्समध्ये साताऱ्याचे चार कंदी पेढे आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, याकूबकडे अर्धी बाटली पाणी. सात तास. तीन माणसं. चार पेढे.

मला वाटलं, झालं. आता विहीणबाई फणकारतील, संध्याकाळी सामान बांधतील, आणि माझी लेकरं चालली पुण्याला. पण बाई एकदम वेगळ्याच निघाल्या. त्यांनी पदर खोचला, पर्समधून शिवणाची टेप काढली आणि म्हणाल्या, "वेळ आहे, तर नीट पाहणी करू. सुनंदाताई, टोक धरा."

मग काय विचारता! भिंतींची लांबी झाली, रुंदी झाली, चिऱ्यांची जाडी झाली. मी टोक धरून फिरत होते. कमानीपाशी त्या थबकल्या. "ही कमान बघा! टोकदार! मशिदीसारखी! म्हणजे सागरी व्यापाराचा थेट संबंध!"

"मी तेच म्हणत होते," मी म्हणाले. माझाही हळूहळू विश्वास बसायला लागला होता. थाप दहा वेळा ऐकली की ती मारणाऱ्यालाही पटते.

"आणि मधे ही मोठी टाकी. पिण्याच्या पाण्याची?"

"सैन्यासाठी," मी म्हणाले.

याकूब पुन्हा खोकला. मी त्याला खोकल्याची गोळी दिली.

दुपारचा एक वाजला. ऊन तापलं, पेढे संपले. आणि आतल्या भिंतीपाशी शैलजाताईंनी किंकाळी फोडली. मला वाटलं, साप! धावले. त्या भिंतीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी.

"शिल्प! सुनंदाताई, शिल्प आहे!"

खरंच होतं. चिऱ्यावर कोरलेली एक बाई. चेहऱ्यावर दोन मोठी वर्तुळं, डोक्यावर गोळा, तोंड उघडं, आणि उगारलेल्या हातात काहीतरी लांब. वर शेवाळ, खाली काहीतरी अक्षरं झिजलेली.

"देवी आहे," शैलजाताई कुजबुजल्या. "उग्र देवता. डोळे बघा कसे वटारलेत. हातात आयुध. खड्ग असावं. आणि हा बघा खाली अंक! एकोणीस! पुढचे आकडे झिजलेत. हा शिलालेख आहे हो! माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला कधी नवं असं काही सापडलं नाही..." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुम्ही मला इथे आणलंत."

मला भरून आलं. मघापर्यंत मी थापा मारत होते आणि खाली खरोखरच इतिहास निघाला! आमच्या चिखलात देवी होती! आणि आमच्या कोकणात देवापुढे नुसतं हात जोडून भागत नाही. गाऱ्हाणं घालावं लागतं. एकाने देवाला मोठ्याने आपलं म्हणणं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. एकदा 'होय महाराजा' म्हटलं की ते आपलंही मागणं झालं. मी शैलजाताईंना रीत समजावली, डोक्यावर पदर घेतला आणि सुरुवात केली.

"हे आई, खाजणातल्या देवी! आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत."

"होय महाराजा!" शैलजाताई खणखणीत आवाजात म्हणाल्या. (वर्गाची सवय.)

"तिथी बघण्यात चूक झाली असेल तर पदरात घे!"

"होय महाराजा!"

"पाणी लवकर चढव, होडी सुखरूप काठाला लाव!"

"होय महाराजा!" यात याकूबही सामील झाला. लहानपणापासून गावात ऐकलेलं, आपसूक तोंडून गेलं. मग त्याने चित्राकडे पाहिलं आणि जीभ चावली.

मला जोर चढला होता. उपाशीपोटी भक्ती फार चढते. आणि मनात इतके दिवस जे कोंडून ठेवलं होतं ते भसकन बाहेर आलं.

"आणि आई, माझा मुलगा आणि माझी सून माझ्या डोळ्यांसमोर राहू देत! त्यांना पुण्याला जाऊ देऊ नकोस! मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही!"

"होय महाराजा!" शैलजाताई म्हणाल्या.

आणि मग दोघींच्याही लक्षात आलं, काय झालं ते.

खाजणात कुठेतरी खेकडा टुक्‌टुक्‌ करत होता. शैलजाताई माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "मी 'होय' म्हटलं."

"म्हटलंत."

मग त्यांनीच भिंतीकडे तोंड केलं, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आई, हे गेल्यापासून मला वाईच्या घरात एकटीला संध्याकाळ काढवत नाही. घाटावर जाऊन बसते, पण घाट काही बोलत नाही. माझंही काहीतरी बघ."

आता 'होय महाराजा' म्हणायची पाळी माझी होती. मी म्हटलं. म्हणताना मला रडू फुटलं, माझं बघून त्यांना फुटलं, आणि दोघी विहिणी त्या उग्र देवतेसमोर एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून मुसमुसायला लागलो.

हे याकूबला सहन झालं नाही.

"बाई," तो म्हणाला. "ती देवी नाय."

"काय?"

"ती देवी नाय, बाई. मी काडलेली हाय ती."

शैलजाताईंचे हुंदके अर्ध्यावर थांबले.

"ही कसली चौकी नि कसला काय, बाई! हा माज्या बापसाचा काथ्याचा कारखाना. नारळाची सोडणं भिजवायला ही टाकी बांधली. गवंडी मशिदीचा काम संपवून आलेला, त्याला कमानीशिवाय दुसरा काय येतच नसे. पयल्या पावसात छप्पर उडाला. दुसऱ्या पावसात चिरे काळे पडले. तिसऱ्या पावसापासून लोक किल्ला बोलायला लागले."

"कधी बांधलं हे?" शैलजाताईंनी विचारलं. वही अजून हातातच होती. तीस वर्षांची सवय जात नाही.

"मी दहावीला नापास झालो त्या साली. बापूस बोलला, शाळेत डोका चालत नाय तर आता चिरे वाहा. सगळे चिरे होडीतून मीच वाहिले. मग रागारागात एक दिवस..." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली.

मी चष्मा पुसून भिंतीजवळ गेले. दोन मोठी वर्तुळं: माझा चष्मा. डोक्यावर गोळा: माझा अंबाडा. उघडं तोंड: ते तर माझंच. हातातलं खड्ग म्हणजे माझी लाकडी फूटपट्टी!

"आणि एकोणीस?" शैलजाताईंनी विचारलं.

"गणिताचे मार्क," याकूब म्हणाला. "पास व्हायला पस्तीस लागतात."

म्हणजे मी माझ्याच व्यंगचित्रापुढे पदर घेऊन गाऱ्हाणं घातलं होतं. माझ्याच पायाशी लेकरू म्हणून लोळण घेतली होती. माझ्याकडेच माझी चूक पदरात घ्यायला सांगितलं होतं! आणि मला नवस बोलण्याचीही फार इच्छा झाली होती हे मी त्या दोघांना आजवर सांगितलेलं नाही.

शैलजाताईंचं तोंड आधी नुसतं हललं. मग खांदे हलले. मग त्या पायरीवर बसल्या, आणि हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की समोरच्या खारफुटीतले बगळे उडाले. "म्हणजे," त्यांनी मधे श्वास घेतला, "म्हणजे या वास्तूच्या उभारणीचं मूळ कारण... तुम्हीच! तुम्ही याला नापास केलंत म्हणून... आरमार!" आणि पुन्हा लोटपोट. मीही सुटले. याकूब आधी भीतभीत हसला, मग मोकळा हसला. फोन वाजला. हे.

"काय झालं? दुर्बिणीतून दोघी आधी रडताना दिसलात, आता लोळताना दिसताय. चिखलातलं काही खाल्लंत का?"

सव्वापाचला होडी सुटली. काठावर निखिल, ऋजुता आणि थर्मास घेऊन हे उभे होते. आमच्या साड्या गुडघ्यापर्यंत काळ्या, नाकं उन्हाने लाल, आणि दोघींना एकमेकींकडे पाहिलं की हसू आवरेना. ऋजुता घाबरून म्हणाली, "आई, काय झालं गं?"

शैलजाताईंनी चहाचा पेला हातात घेतला. "ऋजुता, तुम्ही दोघं इथेच राहा. पुणं राहू दे."

"पण आई, तू तिकडे एकटी..."

"मी थंडीचे चार महिने इथे येणार. गाऱ्हाणं झालंय आमचं."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो शैलजाताई, तुम्ही बांधल्या गेलात असं मनात आणू नका. ती देवी खोटी निघाली ना!"

"देवी खोटी असेल," त्या म्हणाल्या. "पण माझं 'होय' खरं होतं. तुमचं नव्हतं का?"

माझंही होतं. मी पुन्हा रडले. हे म्हणाले, "आता हिला घरी न्या, नाहीतर इथेच भरती येईल."

याला वर्ष झालं. शैलजाताई बोलल्या तशा यंदा थंडीत आल्या आणि त्यांनी आमच्या रत्नागिरीचा कब्जाच घेतला. किल्ला पाहिला, राजवाडा पाहिला (मंगळवारी), आणि आता रविवारी गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या 'खाडीकाठचा वारसा' दाखवायला निघतात. दारामागचं कॅलेंडर त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं, सांदणांची कृती तेवढी कापून ठेवली. फेरीचा शेवट बेटावर असतो. तिथे त्या काही लपवत नाहीत, सगळं खरं सांगतात. तरीही त्या भिंतीपाशी हल्ली फुलं दिसतात. दहावीची परीक्षा जवळ आली की कुणीतरी जाऊन नारळही ठेवून येतं म्हणे.

गेल्या निकालाच्या दिवशी याकूब पेढे घेऊन घरी आला. त्याची मोठी मुलगी दहावी पास झाली, आणि गणितात चांगले मार्क! मला इतका आनंद झाला की मी त्याला तिथल्या तिथे पाऊणकी माफ केली.

"बरं झालं आधी मला सांगायला आलास," मी म्हणाले.

"आधी नाय, बाई," तो जरा चाचरत म्हणाला. "आधी बेटावर जाऊन सांगून आलो. त्या बाईंना."

"अरे, पण मी इथे घरीच होते की!"

"व्हय, बाई," याकूब म्हणाला. "पण त्या बाई सगळा ऐकून घेतात. मधेच पाढा विचारत नाय."